बिस्सीबद्दल भिवंडीचं मत

शहराला मत असतं का, आणि असलं तर ते नेमकं कुणाच्या डोक्यात असतं, हा प्रश्न मला पडला तो पालिकेच्या नगरसचिव कार्यालयात बदली झाल्यावर. त्याआधी मी जन्ममृत्यू विभागात होते. तिथे मताचा प्रश्नच येत नाही. माणूस जन्मला की जन्मला, गेला की गेला. इथे मात्र महासभेत कोण काय बोललं आणि शेवटी काय ठरलं, ते इतिवृत्तात लिहून काढायचं, हे माझं काम. मला ते फार आवडलं. मी मुळातच चौकस. आमचे हे म्हणतात, "शेजारच्यांच्या कुकरला शिट्टी झाली नाही तर काळजी हिला." त्यात खोटं काही नाही.

आमच्या सभागृहात कोणी मराठीत बोलतं, कोणी हिंदीत, कोणी उर्दूत, आणि चिडलं की तिन्हींत. इतिवृत्त मात्र मराठीत. एखादे सदस्य पाव तास शेरोशायरी करत, टेबल बडवत, समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, आणि मी लिहायचे, "सन्माननीय सदस्यांनी तीव्र भावना व्यक्त केल्या." मधली काही वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत. प्रशासकांचा कारभार होता, म्हणजे अख्खं सभागृह एका माणसात मावलेलं. विषय ठेवायचा त्यांच्यापुढे आणि मंजूर करायचे तेच. तेव्हा मला मुळीच करमत नसे. मग निवडणूक झाली, खुर्च्या पुसल्या, माइकवरून पुन्हा भांडणं सुरू झाली, आणि मला हायसं वाटलं.

सभेपुढे आलेल्या विषयाचं तीनपैकी एक काहीतरी होतं. तो मंजूर होतो, नामंजूर होतो किंवा तहकूब होतो, म्हणजे पुढच्या सभेवर ढकलला जातो. नामंजूर हा शब्द मी क्वचितच लिहिला असेन, आणि शासनाकडून आलेल्या विषयापुढे तर कधीच नाही. शासनाला तोंडावर नाही म्हणणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. उद्या रस्त्याच्या निधीसाठी त्यांच्याच दारात उभं राहायचं असतं. म्हणून नको असलेला विषय आमच्याकडे तहकूब करतात. पुढच्या सभेत पुन्हा तहकूब, त्याच्या पुढच्याही सभेत तहकूब, आणि एक दिवस तो कुणाच्या लक्षातही राहत नाही. मुलीला सांगून आलेलं स्थळ पसंत नसलं की "कळवतो" म्हणतात, तसंच. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं आमचे नगरसचिव साहेब म्हणायचे. हळू आवाजात बोलणारा, निवृत्तीला आलेला सज्जन माणूस. सभागृहातले नवखे सदस्यही ही रीत चार दिवसांत शिकले.

नवं सभागृह जरा रुळलं आणि मंत्रालयातून एका विधेयकाचा मसुदा आला. राहत्या घरांतून चालणाऱ्या धंद्यांवर बंधनं घालणारं विधेयक होतं. त्यात स्वयंपाकाचाही भाग होता. घरातल्यांखेरीज बाहेरच्या माणसांना रोज जेवण घालायचं असेल तर त्यासाठी वेगळी जागा हवी, आणि तिचं दार थेट रस्त्यावर उघडणारं हवं. महानगरपालिकांनी यावर दिलेल्या मुदतीत अभिप्राय कळवावेत, असं म्हटलं होतं.

मला उत्सुकता लागली. भिवंडीचा अभिप्राय तयार होतो कसा, ते आता डोळ्यांनी बघायला मिळणार होतं. फाइल खात्याखात्यांतून फिरायला निघाली आणि मीही काहीतरी निमित्त काढून तिच्या मागे. नगररचना विभागाने शेरा दिला की परवाना विभागाचं मत घ्यावं. परवाना विभागाने लिहिलं की नगररचना विभागाचं मत घ्यावं. आरोग्य विभागाला स्वच्छता महत्त्वाची वाटत होती, तथापि बाब त्यांच्याशी थेट संबंधित नव्हती. विधी विभागाच्या मते हा धोरणाचा प्रश्न होता, म्हणून महासभेनेच ठरवणं उचित. फाइल परत आली तेव्हा चांगली जाड झाली होती, पण मत असं तिच्यात कुठेच नव्हतं. मला हसू आलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे ठाऊक होतं. पण इतकी माणसं मिळून इतक्या नम्रपणे काहीच म्हणत नाहीत, हे बघण्यात वेगळीच मजा होती.

ही मजा मी घरी आल्यावर काकीला सांगितली, आणि तिथेच ती संपली.

काकी आमची शेजारीण. धामणकर नाक्याच्या मागे, लूमच्या कारखान्यांना लागून एक बोळ आहे, त्यात तिचं बैठं घर. त्या घरात ती बिस्सी चालवते. बिस्सी म्हणजे लूम कामगारांची खानावळ. आठवड्याचा हिशेब ठरलेला, पाट्या नाहीत, मेनू नाही, वेळ झाली की पाळीपाळीने येऊन बसायचं. काकीचं माहेर खाडीकाठचं, सासर काल्हेरकडचं. सासरची शेती गोदामांखाली गेली, त्यातलं दिरांना मिळालं ते मिळालं. काकीच्या नवऱ्याच्या वाट्याला हे घर आणि सासूने सुरू केलेली बिस्सी आली. नवरा गेल्यापासून ती एकटीच चालवते, मदतीला दोन बायका. यूपीवाल्यांना हिंगाची फोडणी घातलेली तूरडाळ लागते, तेलंगणाच्या मंडळींना चिंचेचं आंबट वरण. दोन्ही तिला जमतं. सगळे तिला काकीच म्हणतात, तिच्याहून म्हातारे कामगारसुद्धा.

ती कणीक मळत होती. मी रंगात येऊन फाइलीच्या प्रवासाची गोष्ट सांगत होते. मसुदा काही गुपित नव्हता, पेपरातही येऊन गेला होता. मध्येच तिचे हात थांबले.

"म्हंजे माजी बिस्सी बंद?"

"अगं, अजून मसुदा आहे. कायदा नाही झाला."

"झाला तं?" तिने दाराकडे बघितलं. दाराबाहेर बोळ, बोळाच्या तोंडाशी गटार, आणि रस्ता त्याच्याही पलीकडे. "माजा दार रस्त्यावर कुठशी नेऊ? रस्त्यावरचा गाला इकत घेवाला माज्याकडं काय हाय? हीच माजी नोकरी न् हीच माजी पेन्शन."

जिची मी इतके दिवस गंमत बघत होते ती फाइल म्हणजे काकीची चूल होती, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "मंग आपली भिवंडी काय बोलते?"

"महासभेत ठरेल."

"मना बघाला येता येईल?"

प्रेक्षकांसाठी वर गॅलरी असते. तिथे सहसा सदस्यांचे कार्यकर्ते आणि झोप काढायला आलेली माणसं बसतात. सभेच्या दिवशी काकी सकाळचा स्वयंपाक बायकांवर सोपवून, इस्त्रीची साडी नेसून तिथे येऊन बसली. मी खाली सचिवांच्या टेबलाशी होते.

विषय पुकारला गेला आणि सभागृह पेटलं. सगळ्यांत पुढे होते आमच्या वॉर्डातले नगरसेवक. चाळिशीचे, उंचेपुरे, आवाज असा की माइक नसला तरी चालावं. हे मूळचे बोळातलेच. बाप लूमवर कामाला, आई लवकर गेली, म्हणून लहानपणी दोन्ही वेळचं जेवण काकीच्या सासूच्या आणि मग काकीच्या हातचं. आता त्यांचे स्वतःचे लूम आहेत. उभे राहिले ते हिंदीतच सुरू झाले.

"महापौर महोदय, ये बिस्सी नहीं, भिवंडी की माँ है! माँ को कोई सड़क पे लाके खड़ा करता है क्या?"

बाकं वाजली. विरोधकांनीही वाजवली. एकामागून एक सगळे बिस्सीच्या बाजूने बोलले. बिस्सी नसेल तर कामगार टिकणार नाहीत, कामगार नसले तर लूम बंद आणि लूम बंद तर शहरच बंद, असं सगळ्यांनी सांगितलं. विरोधात एक शब्द कोणी उच्चारला नाही. मग आमच्याच नगरसेवकांनी सूचना मांडली, "विषय तहकूब करण्यात यावा." अनुमोदन द्यायला दहा जण उठले. महापौरांनी विषय तहकूब केला आणि सभागृहात अशा काही टाळ्या वाजल्या की जणू आम्ही मंत्रालयच जिंकलं.

जिन्यात काकी भेटली. तिचा चेहरा उजळला होता. "झाला ना?"

"झालं," मी म्हटलं, आणि मला तसंच वाटत होतं. आमच्या सभागृहाकडून यापेक्षा मोठा नकार मी कधी ऐकला नव्हता.

पण मी चौकस. हा नकार मंत्रालयात पोचल्यावर त्याचं काय होतं, हा किडा डोक्यात शिरला तो काही निघेना. आजवर इतकं तहकूब लिहिलं, ते तिकडे कोण वाचतं? ज्या कक्षातून मसुदा आला होता तिथे मी फोन लावला. पलीकडचे गृहस्थ भले होते, घाईत मात्र होते.

मी विचारलं, "आमच्या सभागृहाने विषय तहकूब केलाय. आपल्याकडे त्याची नोंद कशी होते?"

"अभिप्राय काय दिलाय?"

"तहकूब."

"बाई, तहकूब हा अभिप्राय नाही. म्हणजे अभिप्राय आला नाही."

"मग?"

"मुदतीत अभिप्राय आला नाही तर हरकत नाही असं धरतो आम्ही. कुठलंही सरकार तेच धरेल. मौन म्हणजे संमती."

मी फोन ठेवला आणि मला राग आला. त्या गृहस्थांचा नव्हे. त्यांचं चुकलं काहीच नव्हतं. राग आला तो आमचा सगळ्यांचा. घसा फोडून, बाकं बडवून, टाळ्या वाजवून भिवंडीने जे सांगितलं होतं ते तिकडे "हरकत नाही" म्हणून पोचणार होतं. "कळवतो" म्हणून आपण निश्चिंत बसावं आणि मुलाकडच्यांनी मंडप घालायला घ्यावा, अशी गत.

नगरसचिव साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. "असं असतं होय?" इतकंच म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि आम्हीही नाही. पुढची सभा मुदतीनंतर होती. सदस्यांनी सह्या करून मागणी केली तर विशेष सभा घेता येते, पण ती मागणी आम्ही करू शकत नव्हतो. आम्ही नोकर. आम्हाला मत नसतं, आम्ही फक्त दुसऱ्यांचं लिहितो.

काकीला हे सगळं समजावून सांगायला मला तीनदा चहा प्यावा लागला.

"म्हंजे ते न्हाय बोलले, पन तिकडं व्हय ऐकू गेला?"

"ते नाही असं बोललेच नाहीत काकी. नंतर बघू म्हणाले."

"मंग त्यांना सांगते, तोंडानं बोला."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाची पाळी आटोपली की काकी एकेका नगरसेवकाच्या घरी जाऊ लागली. मी तिच्याबरोबर गेले नाही, जाऊ शकत नव्हते. पण रोज संध्याकाळी सगळा वृत्तांत ऐकत होते. विशेष सभेच्या मागणीवर सही द्यायला कोणी नाही म्हटलं नाही. सभा मागण्यात कुणाचं काय जातं? आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकांनी तर सगळ्यांत वर सही केली. "काकी, तू टेन्शन नको घेऊ. मी आहे ना," असं त्यांनी तिला सांगितलं. ती तेवढ्यावर खूश होती. "माज्या ताटातला पोर हाय तो," म्हणाली.

विशेष सभेला सदस्य आले, पण त्या दिवशीची आतषबाजी नव्हती. तसं काही ठरलं होतं की काय, कोण जाणे. दोन भाषणं झाली, दोन्ही गुळमुळीत. आणि मग मागून आवाज आला, "तहकूब करा!" दोघातिघांनी माना हलवल्या.

तेव्हा नगरसचिव साहेब उठले. ते सभेत कधी आपणहून बोलत नसत. आवाज नेहमीसारखाच हळू, पण सभागृह गप्प झालं. "सभागृहाच्या माहितीसाठी निवेदन करतो. विषय तहकूब झाल्यास या पालिकेची विधेयकाला हरकत नाही, असं शासन गृहीत धरेल. हरकत असल्यास तसा ठराव करावा लागेल."

महापौरांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि म्हणाले, "मसुद्यातल्या स्वयंपाकाच्या तरतुदीला ज्यांचा विरोध आहे त्यांनी हात वर करावेत."

शासनाच्या विरोधात हात वर करायचा, हे त्या सभागृहातल्या बहुतेकांनी कधी केलंच नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघत होते, पंगतीत पहिला घास कोण घेतो ते बघतात तसे. मी वर गॅलरीकडे पाहिलं. काकी कठड्याला धरून उभी होती आणि तिचे डोळे एकाच माणसावर होते. आमचे नगरसेवक टेबलावरची विषयपत्रिका वाचत होते. त्यांच्या शेजारी त्यांच्या पक्षाचे गटनेते बसले होते, आणि त्यांनी काहीतरी हलकेच सांगितलेलं मला दिसलं.

पहिला हात वर गेला तो मागच्या रांगेत बसणाऱ्या एका वयस्क नगरसेविकेचा. बाई निवडून आल्यापासून सभागृहात बोलल्याचं मला आठवत नाही. इतिवृत्तात त्यांचं नाव फक्त उपस्थितांत असायचं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात सरळ वर धरला. मग बाजूचा एक उठला, मग विरोधकांतले दोघे, आणि मग बांध फुटल्यासारखे इकडून तिकडून हात वर येत गेले. महापौरांनी मोजायला लावले. बहुमत झालं. शेवटपर्यंत मी आमच्या नगरसेवकांकडे बघत होते. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवलेले होते, आणि ते तसेच राहिले.

इतिवृत्तात मी लिहिलं की महासभेचा या तरतुदीस विरोध आहे. त्याच दिवशी ठराव मंत्रालयाकडे गेला, आणि तिकडच्या त्या गृहस्थांना फोन करून मी तो पोचल्याची खात्री करून घेतली. "आला. विरोध म्हणून घेतलाय," ते म्हणाले. विधेयकाचं पुढे काय होणार ते मला माहीत नाही. ते अजून तिकडेच आहे, छाननीत. सगळ्या शहरांनी काय काय कळवलं आणि कुणाकुणाचं तहकूब हरकत नाही म्हणून पडलं, हे जाणून घ्यायची मला आजही फार इच्छा आहे. काकीची बिस्सी चालू आहे, एवढं मात्र माझ्या डोळ्यांसमोर आहे.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी काकीकडे गेले होते. दिवसपाळीची मंडळी जेवत होती. बोळात गाडी थांबल्याचा आवाज झाला आणि आमचे नगरसेवक आत आले, हातात पेढ्यांचा पुडा, मागे दोन कार्यकर्ते.

"काकी! बघितलंस ना? करून दाखवलं!"

काकीने पुडा घेऊन देव्हाऱ्यापुढे ठेवला. "जेवून जा," म्हणाली.

ते खाली बसले, कामगारांच्याच रांगेत, तसे ते साधे आहेत. तिने ताट वाढलं. डाळ, भात, बटाट्याची भाजी, रोट्या. ते मनापासून जेवत होते, लहानपणी जेवत असतील तसे. लूमच्या खडखडाटात जन्म काढलेली माणसं जेवताना बोलून काही मागत नाहीत, ऐकूही नीट येत नाही. रोटी हवी असली की नुसता हात वर करतात. काकीची बिस्सी अशीच चालते. नगरसेवकांची रोटी संपली आणि त्यांनी न बघता, सवयीने, हात वर केला.

काकी टोपली घेऊन त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. वाढलं नाही. त्यांनी वर बघितलं.

"वर जातो की रे," ती म्हणाली. "काल मना वाटला, दुखत हाय तुजा हात."

रांगेतल्या माणसांना काही ऐकू गेलं नाही, ती जेवत राहिली. नगरसेवकांचा हात तसाच वर होता. खाली घ्यावा की धरून ठेवावा, हे त्यांना कळत नव्हतं. काकीने त्यांच्या ताटात दोन रोट्या टाकल्या आणि पुढच्या हाताकडे गेली.